नाव ठेवणं

दिवाळी आटोपली की आई लोकरीचे कपडे गच्चीवर उन्हात घालते. शाली, स्वेटर, बाबांचा मफलर आणि सगळ्यांत शेवटी माझा करडा कोट. पुण्याच्या थंडीत तो घालायची वेळ येत नाही, पण कुणाला देऊनही टाकवत नाही. फ्रान्समध्ये ग्रनोबलला शिकत होते तेव्हा घेतलेला. तेव्हाही तो जुनाच होता. आतल्या बाजूला, मानेपाशी, बोटभर पांढरी फीत शिवलेली आहे आणि तिच्यावर लाल धाग्याने एक नाव विणलेलं आहे. कुणा फ्रेंच बाईचं, आडनावासकट. वसतिगृहातल्या मुलींच्या किंवा वृद्धाश्रमातल्या आज्यांच्या कपड्यांना तिकडे अशा फिती लावतात, धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून. फितीचे टाके हाताने घातलेले आहेत. एका बाजूला दाट, दुसरीकडे हात घाईला आल्यासारखे विरळ. पहिल्याच वर्षी आईने विचारलं होतं, "उसवून टाकू का गं हे?" मी नको म्हटलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

कोट घेतला होता एमाउस नावाच्या संस्थेच्या वखारीतून. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून चालत जायचं. आत कपाटं, गाद्या, काचेची भांडी, लंगडी टेबलं आणि कपड्यांचे ढीग. लोकांनी नको म्हणून दिलेलं सामान उचलून आणायचं, निवडायचं, त्याची डागडुजी करायची, विकायचं आणि त्यातून सगळ्यांचा चरितार्थ चालवायचा, अशी ती व्यवस्था. तिथे राहून राबणाऱ्यांना 'कोंपान्यों' म्हणतात, म्हणजे सोबती. शब्दाच्या मुळाशी गेलं तर एका भाकरीतले वाटेकरी. ज्या गृहस्थाने मला तो कोट काढून दिला त्याने आधी खिसे उलटे करून पाहिले, बटणं ओढून पाहिली. एक सैल निघालं. थांब म्हणाला, आत गेला आणि सुईदोरा घेऊन आला. तो टाका घालत होता तोवर मी भिंतीवरचा फोटो बघत होते. काळी चपटी टोपी, पांढरी दाढी, खांद्यावर काळी झूल, हातात काठी. कोण हे, म्हणून विचारलं. मान वर न करता तो म्हणाला, "आबे पिएर. ते नसते तर मी आज नसतो."

त्या एका वाक्याने मी त्या माणसाच्या मागे लागले. पुढची कितीतरी वर्षं मला तो सुटला नाही. मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि आजवर माझ्या वर्गात येऊन गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला आबे पिएर ठाऊक आहेत, कारण मीच सांगितलेत. आज हे लिहायला बसले त्याचं कारणही तेच. मी सांगितलेली गोष्ट अर्धी होती.

'आबे' हा फ्रेंचमध्ये धर्मगुरूला लावायचा शब्द, आपल्याकडे फादर म्हणतात तसा. 'पिएर' हे त्यांचं खरं नाव नव्हे. ल्यों शहरातल्या रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरी, ५ ऑगस्ट १९१२ रोजी, आठ भावंडांतला पाचवा म्हणून जन्मलेल्या त्या मुलाचं नाव आंरी ग्रुएस. वडील रविवारी सकाळी शहरातल्या बेघर माणसांची दाढी-कटिंग करायला जात. एका रविवारी त्यांनी आंरीला बरोबर नेलं. खाऊन-पिऊन सुखी घरातला बाप कुणा फाटक्या माणसाच्या गालाला साबण लावतोय, हे त्या पोराने पाहिलं. एकोणिसाव्या वर्षी त्याने आपल्या वाटणीची इस्टेट देऊन टाकली आणि कापुचिन संन्याशांच्या मठात गेला. तिथे त्याचं नाव झालं ब्रदर फिलिप. क्रेस्टच्या मठातली काही वर्षं उपवासाची, मध्यरात्री उठून प्रार्थना करण्याची. फुप्फुसांनी साथ दिली नाही. १९३८ मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी मठ सोडावा लागला. मग ग्रनोबलच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये सहायक धर्मगुरू.

ते कॅथेड्रल माझ्या रोजच्या ट्रामच्या वाटेवर होतं. बाहेरून फारसं नजरेत न भरणारं, विटांचं. मान वर केली की गल्लीच्या टोकाशी डोंगर, ग्रनोबलमध्ये कुठूनही दिसतात तसे. एका बाजूला शार्त्रझ, दुसऱ्या बाजूला व्हेरकोर. परक्या मुलुखात आलेल्या मुलीला ते डोंगर आधी छातीवर आल्यासारखे वाटतात, मग त्यांचा आधार वाटायला लागतो. १९४२ मध्ये या डोंगरांकडे बघणाऱ्यांच्या डोक्यात एकच हिशेब असे, पलीकडे जायचं कसं.

त्या वर्षी दक्षिण फ्रान्सवर अजून जर्मन सैन्य चढलेलं नव्हतं, जर्मनांशी हातमिळवणी केलेलं व्हिशीचं फ्रेंच सरकार होतं. पण २६ ऑगस्टला त्याच सरकारच्या पोलिसांनी परदेशी ज्यूंची धरपकड केली. घराघरांतून माणसं काढली आणि जर्मनांच्या हवाली केली. त्याच उन्हाळ्यात एका रात्री या तरुण धर्मगुरूच्या दारावर थाप पडली. बाहेर दोन ज्यू होते, पोलिस मागावर असलेले. त्याने दार उघडलं. एवढंच मी वर्गात सांगायचे आणि थांबायचे, कारण मला वाटे, यात सगळं आलं. त्यानंतर तो खोटे कागद करायला शिकला आणि माणसांना बर्फातून स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत पोचवू लागला.

खोट्या कागदांची त्या काळातली कारागिरी वाचण्यासारखी आहे. जन्मगाव असं निवडायचं की जिथलं दफ्तर बॉम्बहल्ल्यात जळून गेलंय, म्हणजे पडताळा घ्यायला काही उरत नाही. आणि नवं नाव पुष्कळदा जुन्याच आद्याक्षरांचं घ्यायचं, कारण रुमालावर, चादरीवर, कपड्यांच्या आत ती अक्षरं भरलेली असत. झडतीत कोट एका नावाचा आणि कागद दुसऱ्या नावाचा निघाला की माणूस संपला. हे वाचलं त्या रात्री मी उठून माझ्या कोटाची फीत पुन्हा हातात घेऊन पाहिली होती.

ज्याने इतरांना नावं दिली त्यालाही नाव बदलावं लागलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्रनोबलवर इटालियन सैन्य आलं. त्यांचा अंमल त्यातल्या त्यात सैल, ज्यूंना त्यांनी पुष्कळदा फ्रेंच पोलिसांच्या हाती दिलं नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये इटालियन गेले आणि जर्मन आले, आणि सगळंच आवळलं गेलं. व्हेरकोर आणि शार्त्रझच्या रानात लपलेली तरुण पोरं, त्यांना पोचवायचं धान्य, भूमिगत पत्रकं, असं काम वाढत गेलं आणि त्यात 'आबे पिएर' हे नाव पडलं. लंडनहून जर्मनांशी लढणारे फ्रेंच सेनानी द गोल, त्यांचे धाकटे भाऊ जाक आजाराने जवळजवळ लुळे झाले होते. त्यांनाही यांनीच सरहद्दीच्या तारांपलीकडे पोचवलं. मे १९४४ मध्ये स्पेनच्या सीमेजवळ कांबो-ले-बें इथे जर्मनांनी आबेंना पकडलं. ते निसटले, स्पेनमार्गे जिब्राल्टरला आणि तिथून अल्जीयर्सला पोचले. कासाब्लांका बंदरातल्या 'जां बार' या युद्धनौकेवर त्यांनी धर्मगुरू म्हणून काम केलं.

या सगळ्यात एक बाई आहेत आणि त्यांच्याबद्दल थांबून सांगायला हवं. ल्युसी कुताझ. ग्रनोबलच्याच, वयाने यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठ्या. तरुणपणी मणक्याच्या क्षयाने वर्षानुवर्षं खिळून होत्या, लूर्डच्या यात्रेत बऱ्या झाल्या अशी त्यांची श्रद्धा. युद्धात त्यांनी या धर्मगुरूला लपवलं, त्याची पत्रकं टंकली, आणि पुढे १९८२ मध्ये जाईपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं, त्याच्या प्रत्येक कामाचा जमाखर्च, पत्रव्यवहार, स्वयंपाकघर, भांडणं सगळं सांभाळलं. एमाउस ज्यांनी उभं केलं त्यांत त्या बरोबरीच्या. मीही वर्गात त्यांचं नाव 'सेक्रेटरी' म्हणून एका वाक्यात उरकत आले होते. त्याची मला आज लाज वाटते.

युद्ध संपलं तेव्हा नाव तेच राहिलं. १९४५ मध्ये नान्सीकडच्या मर्त-ए-मोझेल भागातून ते संसदेत निवडून आले. ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाच्या बाजूने, झगा घालूनच. सहा वर्षं खासदार होते. ज्यांचा विवेक शस्त्र उचलू देत नाही अशांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळावी म्हणून त्यांनी विधेयक मांडलं. साऱ्या जगाचं एक संघराज्य व्हावं या चळवळीतही ते होते. एप्रिल १९५० मध्ये ब्रेस्टला संपकरी कामगारांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळी चालवली आणि एदुआर माझे हा बांधकाम कामगार मेला. तेव्हा त्यांनी आपला पक्ष सोडला, पक्ष सरकारात असताना. पुढच्या वर्षी निवडणूक हरले. राजकारणी म्हणून मला हा माणूस त्या दोन वर्षांत सगळ्यांत खरा वाटतो. सत्तेजवळची खुर्ची सोडून, पगार जाणार हे दिसत असताना.

कारण त्या पगारावर एक घर चालत होतं. पॅरिसच्या पूर्वेला नय्यी-प्लेझांस इथे त्यांनी एक पडका वाडा घेतला होता, तरुणांना उतरायला म्हणून, आणि त्याला नाव दिलं होतं 'एमाउस'. आपल्या मराठी बायबलमध्ये त्या गावाला अम्माऊस म्हटलंय. येशूच्या मृत्यूनंतर दोन शिष्य हताश होऊन त्या गावी निघालेत, वाटेत एक अनोळखी माणूस भेटतो, बरोबर चालतो, आणि संध्याकाळी भाकरी मोडून देतो तेव्हा कुठे त्यांना कळतं की हा कोण. १९४९ मध्ये त्या घरी जॉर्ज लगे नावाचा माणूस आला. काळ्या पाण्याची शिक्षा भोगून परतलेला, आणि जिवाचं बरंवाईट करायला निघालेला. त्याला द्यायला यांच्याजवळ काही नव्हतं. मरायच्या आधी मला थोडा हात लावशील का, बेघरांसाठी घरं बांधतोय, एवढंच यांनी विचारलं. जॉर्ज राहिला. तो पहिला सोबती.

खासदारकी गेली आणि खायचे वांधे झाले. मग सोबत्यांनीच वाट काढली. त्यांच्यातल्या काहींना भंगार वेचायचं ठाऊक होतं. पॅरिसच्या कचऱ्यातून चिंध्या, बाटल्या, लोखंड, रद्दी काढून विकायला लागले. एकदा पैसे उभे करायला आबे रेडिओवरच्या बक्षिसाच्या प्रश्नमंजूषेत जाऊन बसले आणि २,५६,००० फ्रँक जिंकून आले. त्या भंगारातून आणि असल्या पैशांतून कुटुंबांसाठी खोपटी उभी राहू लागली.

आणि मग १९५४ चा जानेवारी. नय्यी-प्लेझांसला एका मोडक्या बसमध्ये राहणाऱ्या कुटुंबातलं तान्हं बाळ थंडीने गेलं. त्याच सुमारास संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने बेघरांच्या तातडीच्या निवाऱ्यांसाठीची तरतूद फेटाळली होती. आबेंनी गृहनिर्माण मंत्र्यांना जाहीर पत्र लिहून त्या बाळाच्या अंत्ययात्रेला बोलावलं. मंत्री आले, पायी चालले. थंडी हटली नाही. १ फेब्रुवारीला आबेंचं निवेदन रेडिओवर गेलं. पहाटे तीनला सेबास्तोपोल रस्त्याच्या फुटपाथवर एक बाई गोठून मेली होती आणि तिने छातीशी कवटाळलेला कागद होता तिला घराबाहेर काढल्याचा हुकूम. पुढे सरळ मागणी. आज रात्रीपर्यंत, फार तर उद्यापर्यंत, ५,००० ब्लँकेटं, ३०० मोठे तंबू, २०० शेगड्या. कुठे आणून द्यायच्या तर बोएती रस्त्यावरच्या रोशेस्टर हॉटेलात.

हा उतारा मी दरवर्षी वर्गात घेत आले. भाषा सोपी आहे, वाक्यं तोकडी आहेत, मराठीत उतरवायला छान. सुरुवातच 'माझ्या मित्रांनो' अशी आहे आणि त्यापुढे दोनच शब्द, 'ओ स्कूर'. त्या दोन शब्दांपाशी प्रत्येक वर्ग अडतो. कुणी 'मदत करा' लिहितं, ते देणगीच्या पावतीसारखं वाटतं. कुणी 'वाचवा', पण वाचवा तर बुडणारा ओरडतो, आणि इथे ओरडणारा काठावर आहे. एका वर्षी बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, आमच्या गावी गंजीला आग लागली की लोक 'धावा, धावा' ओरडायचे. सगळ्या वर्गाला एकदम पटलं. धावा. देवाचा करतात तोही धावाच. मी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि त्या दिवशी घरी जाताना मला फार भरून आलं होतं.

आणि लोक खरोखरच धावले. हॉटेलच्या दिवाणखान्यात ब्लँकेटांचे डोंगर झाले, नोटा पोत्यांत भराव्या लागल्या, वापरात नसलेलं ओर्से स्टेशन सामान ठेवायला उघडलं. सुमारे ५० कोटी फ्रँक जमले. चार्ली चॅप्लिननी २० लाख दिले. ज्या संसदेने तरतूद नाकारली होती तिने काही आठवड्यांत त्याच्या दहापट रक्कम, १,००० कोटी फ्रँक, मंजूर केली. डिसेंबर १९५६ मध्ये कायदा झाला की हिवाळ्यात भाडेकरूला घराबाहेर काढता येणार नाही. आज ती मुदत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च अशी आहे. मी ग्रनोबलला राहत होते त्या इमारतीतल्या एका कुटुंबाने भाडं थकवलं होतं आणि ते मार्चअखेरपर्यंत निश्चिंत होते. एप्रिल लागला तेव्हा जिन्यात त्यांची खोकी दिसू लागली. कायदा पाच महिने देतो, त्यापुढचं बघावं लागतं, पण ते पाच महिने कुणाच्या तरी ओरडण्यातून आलेत.

पुढची पन्नास वर्षं ते फ्रान्सचे लाडके होते. लोकांच्या आवडत्या व्यक्तींच्या पाहणीत सतरा वेळा पहिले आले आणि शेवटी त्यांनीच माझं नाव काढा म्हणून सांगितलं. १९९६ मध्ये मात्र जुन्या मित्राची, रोजे गारोदींची, पाठराखण केली. गारोदींनी ज्यूंचा संहार नाकारणारं पुस्तक लिहिलं होतं. ज्याने ज्यूंना हाताला धरून बर्फातून नेलं त्याने हे करावं, याचा धक्का मोठा होता. काही महिन्यांनी त्यांनी शब्द मागे घेतले आणि क्षमा मागितली. मी ही गोष्ट वर्गात 'म्हातारपणीची चूक' म्हणून सांगे. म्हणजे नावाला धक्का लागू नये म्हणून मीही एका बाजूने धरून बसलेच होते. २२ जानेवारी २००७ रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन ते गेले. पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये अंत्यविधी झाला तेव्हा सोबती पुढच्या रांगांत बसले होते.

१७ जुलै २०२४ ला मी बातमी वाचली. एमाउसने आणि त्यांच्या नावाच्या फाउंडेशनने स्वतःच नेमलेल्या चौकशीचा अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला होता. सात जणींच्या साक्षी. आबे पिएरनी लैंगिक छळ केला, अंगचटीला गेले, अत्याचार केला. १९७० च्या दशकाअखेरपासून २००५ पर्यंतच्या घटना. सप्टेंबरमध्ये आणखी सतरा साक्षी आल्या, जानेवारी २०२५ मध्ये आणखी नऊ. तोवर तेहतीस. त्यांतले काही जण तेव्हा अल्पवयीन होते.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आधी मनात आलं, इतक्या उशिरा? मग दुसरी बातमी आली. फ्रेंच बिशपांनी आपलं दफ्तर संशोधकांना खुलं केलं आणि त्यात दिसलं की काही बिशपांना १९५५-५७ पासूनच ठाऊक होतं. १९५५ च्या अमेरिका-कॅनडाच्या दौऱ्यात तक्रारी झाल्या होत्या. १९५७ च्या अखेरीस त्यांना स्वित्झर्लंडच्या एका इस्पितळात काही महिने ठेवलं होतं. लोकांना सांगितलं ते थकवा म्हणून. मीही थकवा म्हणूनच सांगत आले. म्हणजे उशीर बायकांनी केलेला नव्हता. त्यांनी दारावर थाप मारली होती आणि आत माणसं होती.

हे मला सगळ्यांत जड गेलं. १९४२ च्या त्या रात्रीवर माझा सगळा जीव होता. दारावर थाप पडते आणि हा माणूस उठतो. तेच नाव पुढे इतकं मोठं झालं की बायका दार ठोठावत होत्या तेव्हा आतल्यांनी त्या नावाच्या आड बसून आवाज ऐकला नाही. जिवावर बेतलेल्यांना लपवायला घेतलेलं नाव होतं ते. त्याच्या आड काय काय लपलं.

मग फ्रान्सने नाव पुसायला घेतलं. फाउंडेशनने जानेवारी २०२५ मध्ये नवं नाव घेतलं, त्यात आबे नाहीत, वंचितांसाठीचं घर आहे. एमाउसने बोधचिन्हाखालचं 'संस्थापक आबे पिएर' काढायचं ठरवलं. गावोगावी चौक, रस्ते, शाळांवरच्या पाट्या उतरल्या. एस्तव्हील इथलं, ते राहत असत त्या घरातलं स्मारक बंद झालं. मला विचारलं तर हे बरोबर झालं. पाटी ही गौरवाची असते आणि गौरव हक्काने मिळत नाही. इतिहास पुस्तकात राहील, राहावाच.

पण घरात आमचा वाद झाला. आई म्हणाली, "अगं, किती लोकांचे प्राण वाचवले, आता मेलेल्या माणसाला नावं कशाला ठेवायची?" मी तिच्या शब्दापाशीच अडखळले. आपल्याकडे बारशाला नाव ठेवतात आणि दोष दाखवला तरी नाव ठेवलं म्हणतात. क्रियापद एकच. आजवर मी पहिल्या अर्थाने त्यांचं नाव ठेवत आले, वर्गावर्गांत, पोराबाळांसमोर. दुसरा अर्थ टाळायचा मला काय अधिकार? मी आईला म्हटलं, ज्यांचे प्राण वाचले ते वाचलेच, त्यांची नातवंडं आज कुठेतरी जेवत असतील, ते कुणी परत घेत नाही. पण या तेहतीस जणांचं काय वाचलं? आई गप्प राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या तुझ्या कोटवालीला तरी कुणी काही केलं नसेल ना." मी तिला काय सांगणार.

उतारा घ्यायचा की नाही, यावर मी पूर्ण पावसाळा घालवला. काढून टाकणं सोपं होतं. पण तो फुटपाथवर मेलेल्या बाईचा उतारा आहे, तिच्या छातीशी धरलेल्या कागदाचा आहे. तो काढला तर तीही जाते. शेवटी या वर्षी मी दोन कागद वाटले. एकावर १ फेब्रुवारी १९५४. दुसऱ्यावर जुलै २०२४ मधल्या एमाउसच्या निवेदनातला एक परिच्छेद, साक्ष देणाऱ्यांबद्दलचा. पहिला तासाभरात झाला. 'धावा' यांनाही सुचलं, मला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या कागदावर नर्सिंग केलेली एक मुलगी थांबली. "मॅडम, यांची नावं?" नावं अहवालात नाहीत, मी म्हटलं. त्यांना त्रास होऊ नये म्हणून. तिने मान हलवली आणि पुढे वाचू लागली.

त्या परिच्छेदात तीन शब्दांचं वाक्य आहे, 'नू ले क्रुआयों'. कुणीतरी लिहिलं, 'आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवतो.' व्याकरणात चूक नाही. नर्स म्हणाली, "ठेवतो म्हटलं की उपकार केल्यासारखं वाटतं. आपण ठेवला तर राहणार, नाहीतर नाही." मागच्या बाकावरून 'आम्हाला पटतं' असं आलं, त्यावर दोघं-तिघं नको म्हणाले. पटायला काय, त्या काही युक्तिवाद करत नाहीयेत. फळ्यावर सहा वाक्यं झाली, चार खोडली. साडेआठ वाजून गेले, खाली वॉचमन कुलूप घेऊन उभा होता. नर्सने खडू घेतला आणि खोडलेल्या ओळींखाली लिहिलं, 'त्यांचं खरं आहे.' मी म्हटलं, अगं, यात 'आम्ही' कुठे गेलं? मूळात आहे. ती फळ्याकडे बघत उभी राहिली, मग 'त्यांचं'च्या आधी जागा नव्हती म्हणून वर बारीक अक्षरात लिहिलं, 'आम्ही सांगतो'.